दुखतंय का, असं विचारणारी नवी बाई

माणसाला पलंगावरून उचलून खुर्चीत बसवणं हे आमच्या कामातलं दिसायला सगळ्यात सोपं आणि करायला सगळ्यात कठीण काम. बघणाऱ्याला वाटतं, त्यात काय आहे, धरलं आणि बसवलं. पण ज्याचं अर्धं अंग लुळं पडलं आहे असा पासष्ट किलोचा माणूस उचलणं म्हणजे ओली गादी उभी करणं. त्याचा एक पाय मदत करतो, दुसरा आडवा येतो. तो घाबरतो, तुमच्या गळ्यात हात टाकतो आणि नेमका तेव्हाच त्याचा तोल जातो. अशी चार-पाच माणसं मी दिवसभरात कितीदा तरी उचलायची. सव्वीस वर्षं मी हेच केलं.

लोक आम्हाला बाई म्हणतात, मावशी म्हणतात, काही जण सिस्टर म्हणतात. सिस्टर म्हटलं की बरं वाटतं, पण मी नर्स नाही. इंजेक्शन देणं, सलाईन लावणं हे नर्सचं काम. तिच्यानंतर जे उरतं ते आमचं. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, डायपर बदलणं, केस विंचरणं आणि तेच तेच बोलणं पुन्हा पुन्हा ऐकून घेणं. कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, आणि त्या एकदा झाल्या की महिनोन्महिने भरत नाहीत. माझ्या हाताखालच्या एकाही माणसाला अशी जखम झाली नाही, हे मी अजून चारचौघांत सांगते. आणखी एक गोष्ट मी सांगायची, ती आता सांगत नाही. का सांगत नाही, तेच लिहायला बसले आहे.

शेवटची नऊ वर्षं मी कोराडी रोडवरच्या एका वृद्धनिवासात होते. बावीस म्हातारी माणसं, एक डॉक्टर मॅडम, आणि आमच्या मजल्यावर एका पाळीला आम्ही दोघी, मी आणि कुंदा. कुंदा कळमेश्वरहून रोज बसने यायची. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, हाताला चपळ, आणि चिंता करण्यात माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी.

आमच्याकडे इंगोले साहेब म्हणून एक होते. कोराडीच्या वीज केंद्राच्या बॉयलर विभागातून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मुलगी बंगलोरला. लकव्याने डावी बाजू गेली होती, पण वाचा शाबूत होती आणि आवाज बॉयलरच्या घरघरीवर चढवायची सवय असलेला. पाणी गरम आहे म्हणून ओरडायचे, गार आहे म्हणून ओरडायचे. आमच्याकडे येण्याआधी त्यांच्या घरून तीन बाया काम सोडून गेल्या होत्या. मुलीने पहिल्याच दिवशी हात जोडून सांगितलं होतं, "ताई, बाबांचं मनावर घेऊ नका."

मनावर घ्यायची वेळच आली नाही. मी उचललं की इंगोले साहेब गप्प राहायचे. कुंदाने उचललं तर आरडाओरडा. म्हणून त्यांना उचलायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते मिरवलं. कोणी नवीन बाई कामाला आली की मी सांगायची, "इंगोले साहेब माझ्या हातून आजवर एकदाही ओरडले नाहीत. हात असा पायजे." माझी पद्धत एका जुन्या दवाखान्यातल्या आयाने मला शिकवलेली होती. दोन्ही काखांत हात घालायचे, आपला गुडघा त्याच्या गुडघ्याला टेकवायचा, तीन म्हणायचं आणि एका झटक्यात वर. त्या आयाची कंबर गेली होती. पुढे माझीही गेली. आमच्या कामात कंबर जाणं हे नोकरीतच धरलेलं असतं.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात, कूलरमध्ये नुकती वाळ्याची ताटी बसवली होती तेव्हा, पुण्याच्या एका कंपनीने आमच्याकडे एक यंत्रमानव आणून ठेवला. सहा महिने वापरून बघा म्हणाले. यंत्रमानव म्हटल्यावर मला हात, पाय, डोळे असलेलं काहीतरी येईल असं वाटलं होतं. आलं ते चाकांवरचं, कमरेएवढं, पांढऱ्या रंगाचं धूड. पुढे छातीला टेकायला मऊ गादी, दोन्ही बाजूंनी कमरेला धरणारे पट्टे. माणसाने बसल्या बसल्या त्या गादीवर ओणवं व्हायचं, की ते पट्टे आवळतं, त्याला हळूच वर घेतं, स्वतःच वळतं आणि खुर्चीत ठेवतं. मुख्य म्हणजे उचलायच्या आधी ते बोलतं. बाईच्या आवाजात, शुद्ध मराठीत.

"नमस्कार. मी आता तुम्हाला उचलणार आहे. तुम्हाला कुठे दुखत आहे का?"

असं विचारून ते थांबतं. उत्तर येईपर्यंत हलत नाही. उत्तर आलं की ते लिहून घेतं आणि ऑफिसातल्या टॅबवर पाठवतं.

पहिल्याच दिवशी सगळ्यांनी त्याचं नाव ठेवलं, नवी बाई.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कुंदाने डबा उघडलाच नाही. "शोभाताई, आता आपल्याले काढतीन का वं?"

"काढतीन तर काढतीन," मी म्हटलं. "माही तर दोन वर्षं उरली हायेत. तू शिकून घे ते चालवाले."

"मशीन शिकून मीच माह्या पायावर धोंडा पाडून घेऊ?"

मी वरून शांत होते, पण मला राग आला होता. उशिरा येऊन घरातल्या थोरल्या जावेच्या हातातलं पळी-पातेलं घेणाऱ्या धाकटीचा येतो तसा.

गंमत म्हणजे म्हाताऱ्यांना नवी बाई आवडली. रामटेककडच्या कमलाबाई होत्या, चौऱ्याऐंशीच्या. सगळा जन्म धानाच्या बांधीत भाताची रोपं लावण्यात गेलेला, दोन्ही गुडघे संपलेले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कोणी एवढ्या आदबीने दुखणं विचारत होतं. त्यांनी सगळं सांगायला सुरुवात केली. गुडघ्यांपासून निघून त्या रोवणीवर आल्या, तिथून सुनेवर, तिथून सकाळच्या पातळ वरणावर. नवी बाई ऐकून म्हणाली, "क्षमा करा, मला समजले नाही. कृपया पुन्हा सांगा." कमलाबाईंनी आनंदाने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांना खुर्चीत बसायला त्या दिवशी पाऊण तास लागला.

नव्या बाईला समजत नव्हतं हे खरंच होतं. तिला पुस्तकातली मराठी शिकवलेली. 'मले', 'तुले', 'काहून' हे तिच्या गावीच नव्हतं. कमलाबाई म्हणाल्या, "मले लय दुखून राहिलं," तर टॅबवर उमटलं, "मळे लय तुकडून राहिले." कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, कोणीतरी रोज अर्धा तास बसून हे आवाज ऐकायचे आणि बरोबर शब्द लिहायचे, म्हणजे मशीन हळूहळू इकडची बोली शिकेल. डॉक्टर मॅडमनी मला विचारलं. मी दहावीपर्यंत शिकलेली, बहिणीला मोबाईलवर रोज मराठीत लिहिते. शिवाय खुर्चीत बसून करायचं काम मला सव्वीस वर्षांत कोणी दिलं नव्हतं. मी हो म्हटलं.

अशी मी रोज दुपारी ऑफिसात कानाला हेडफोन लावून बसू लागले. मी जिचा राग करत होते तिचीच मास्तरीण झाले. खरं सांगायचं तर मला त्यात मजा येऊ लागली. आठ-दहा दिवसांत नवी बाई 'मले' ओळखायला लागली तेव्हा मी कुंदाला मुद्दाम बोलावून दाखवलं.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. यंत्र एकच, माणसं पाच, आणि दुपारनंतर ते चार्जिंगला लावावं लागायचं. म्हणून सकाळी यंत्र उचलायचं आणि संध्याकाळी आम्ही. त्या दुपारी टॅबवर इंगोले साहेबांच्या नावापुढे लिहिलेलं होतं, "डाव्या खांद्यात. तू उचल ते तेव्हा नाही. सोबत आई उचलते तेव्हा. तिळे सांगतो नको."

सोबत आई? मी आवाज लावला. इंगोले साहेब एवढ्या हळू बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं.

"दुखते वं. डाव्या खांद्यात. तू उचलते तेव्हा नाही दुखत. शोभाताई उचलते तेव्हा दुखते. तिले सांगजो नोको."

मी तीनदा ऐकलं. चौथ्यांदा ऐकायची गरज नव्हती.

टॅबवर दोन बटणं होती. एक 'दुरुस्त करा', दुसरं 'आवाज अस्पष्ट'. दुरुस्त केलं असतं तर ते वाक्य डॉक्टर मॅडमकडे आणि फिजिओथेरपीच्या नेहा मॅडमकडे गेलं असतं. ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं. मी 'आवाज अस्पष्ट' दाबलं.

हे मी आजवर फक्त एकीला सांगितलं आहे.

त्या संध्याकाळी यंत्र चार्जिंगला होतं आणि साहेबांना नेहमीसारखं मीच उचललं. तीन म्हणण्याआधी मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. उचलताना आपण समोरच्याच्या खांद्यामागे बघत असतो, तोंडाकडे बघायची सवय नसते. साहेबांनी डोळे मिटून घेतले होते आणि खालचा ओठ दातांत धरला होता. ते डोळे मिटतात हे मला आधीपासून माहीत होतं. परक्या बाईने उचललेलं त्यांना लाजिरवाणं वाटत असेल, असा समज मी ते आल्यापासून आठ महिने करून घेतला होता.

पुढचे दोन दिवस मी काहीबाही कारण काढून संध्याकाळीही यंत्रच लावलं. कधी माझी कंबर दुखते म्हणून, कधी अजून बॅटरी आहे म्हणून. त्या दोन दिवसांत मी साहेबांशी नीट बोलले नाही. मनात त्यांच्यावरही राग होता. आठ महिने मी यांचं सगळं केलं, आणि यांनी सांगितलं कोणाला, तर एका मशीनला. तिसऱ्या दिवशी सकाळी घरी डबा भरताना माझ्या लक्षात आलं, की मला कंटाळा आला आहे तो कामाचा नाही, लपवण्याचा. मी कामावर गेले आणि नेहा मॅडमना गाठलं. आधी आवाज ऐकवला, मग मी कोणतं बटण दाबलं होतं तेही सांगितलं.

नेहा मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्या सरळ इंगोले साहेबांच्या खोलीत गेल्या, त्यांचा शर्ट उतरवला, डाव्या खांद्यावर बोट फिरवलं आणि मला बोलावून माझंही बोट तिथे ठेवलं. खांद्याचं हाड आणि दंडाचं हाड यांच्या मध्ये बोट बसेल एवढी खाच होती.

बाहेर व्हरांड्यात त्या म्हणाल्या, "शोभाताई, लकव्याच्या माणसाचा खांदा नुसता लोंबत असतो. धरून ठेवणारे स्नायू गेलेले असतात. काखेत हात घालून ओढलं की सांधा अजून खाली सरकतो. कमरेला पट्टा बांधून उचलायचं असतं. कोणी शिकवलं नाही का तुम्हाला?"

"जे शिकवलं तेच केलं मॅडम. माझ्यामुळे झालं का हे?"

"लकव्यात हे आपोआपही होतं. त्यातलं किती तुमच्यामुळे आणि किती आजारामुळे, हे कोणीच सांगू शकत नाही."

दिलासा म्हणून त्या बोलल्या असतील. मी ते वाक्य जसंच्या तसं ठेवून दिलं आहे. कधी त्याची पहिली बाजू वर येते, कधी दुसरी. सव्वीस वर्षांत लकव्याची किती माणसं माझ्या हाताखालून गेली त्याचा मी विचार करत नाही असं नाही. त्यांतली बरीच बोलूही शकत नव्हती.

एक्स-रे झाला, हाताला झोळी आली, नेहा मॅडमचे व्यायाम सुरू झाले. संध्याकाळच्या चहाला मी इंगोले साहेबांच्या पलंगाशी स्टूल ओढून बसले.

"साहेब, दुखत होतं तर सांगतलं काहून नाही?"

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "तुले कोणं सांगतलं?"

"तुम्हीच. तुम्ही मशीनले सांगता ते मी ऐकतो. तिले आपली बोली शिकवाची हाय म्हणून."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे ते चुगलीखोर निघालं."

"चुगलीखोर नाही. ते विचारते आणि लिहिते. ऐकणारी मी हाय."

"अन् अजून कोण कोण ऐकते?"

"डॉक्टर मॅडम वाचते. नेहा मॅडम वाचते."

"हे आधी सांगाले पायजे होतं," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. "मी पस्तीस वर्षं मशीनसंगं बोललो. बॉयलरनं कधी कोणाले जाऊन सांगतलं नाही."

"चुकलं आमचं," मी म्हटलं. "पण मले काहून नाही सांगतलं ते सांगा. मी रागावली असती म्हणून?"

"रागाचं काय. राग मले पण येते." त्यांनी चांगल्या हाताने लुळा हात उचलून मांडीवर ठेवला. "घरी तीन बाया होत्या. एकीले म्हटलं पाणी गरम हाय, गेली. दुसरीले म्हटलं हळू धर, गेली. तिसरी गेली तेव्हा पोरगी रडली. मंग इथं तू भेटली. तू बसून चार गोष्टी तरी बोलते. म्हटलं, खांदा दुखते तर दुखू दे. ही गेली तर काय कराचं."

जी गोष्ट मी मिरवत होते ती अशी होती. ते ओरडत नव्हते, कारण माझा हात चांगला होता म्हणून नव्हे. मी हवी होते म्हणून. हे ऐकून वाईट वाटावं की बरं वाटावं मला कळेना. मी उठून त्यांचा चहा गरम करून आणला, कारण तो गार झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर मॅडमना म्हटलं, की नवी बाई ऐकते ते लिहून घेतलं जातं, हे म्हाताऱ्यांना कोणी सांगितलेलं नाही आणि हे बरोबर नाही. त्या म्हणाल्या, नातेवाइकांच्या सह्या घेतल्या आहेत. मी म्हटलं, "मॅडम, खांदा नातेवाइकांचा नाही." मी त्यांच्याशी असं पूर्वी कधी बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्याच दुपारी प्रत्येक खोलीत जाऊन स्वतः समजावून सांगितलं. ज्यांना नको असेल त्यांचं लिहून घेणं बंद करता येत होतं. चौघांनी बंद करायला लावलं, त्यांत इंगोले साहेब पहिले. कमलाबाईंनी मात्र उलटाच अर्थ काढला. आपलं बोलणं मॅडमपर्यंत जातं म्हटल्यावर त्या रोज सकाळी नव्या बाईला वाकून सांगू लागल्या, "लिही, वरण आजही पातळच होतं." पंधरा दिवसांत वरण घट्ट झालं.

कुंदाची भीती अगदीच खोटी नव्हती. मॅडमनी आठवडाभर एका पाळीला एकच बाई ठेवून पाहिली. पण यंत्र फक्त उचलतं. अंघोळ घालताना एकीने धरावं आणि दुसरीने साबण लावावा लागतो, आणि घास अडकला तर पाठीवर थाप मारायला यंत्राला हात नाही. आठव्या दिवशी पुन्हा दोघी झालो. कुंदाने यंत्र शिकून घेतलं, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. सहा महिने संपल्यावर मॅडमनी ते ठेवून घेतलं आणि वरच्या मजल्यावरच्या बायांना शिकवायला कुंदालाच पाठवलं.

मला लोक विचारतात, मशीन आलं तर तुमच्या कामात माया कुठे राहिली? विचारणाऱ्यांनी कधी पासष्ट किलोचा माणूस उचललेला नसतो. पाच माणसं उचलून झाल्यावर अंगात माया उरत नाही, कंबर उरते. घाई असायची म्हणून दुखतंय का असं मी कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी थांबले नसते. यंत्राला दया नाही, ते बनवलंच तसं आहे म्हणून विचारतं. पण ते उचलायला लागल्यावर मला थांबायला वेळ मिळाला. मी कमलाबाईंचं सुनेचं पुराण शेवटपर्यंत ऐकलं. सून वाईट नव्हती, दूर होती एवढंच. माझी कंबरही आता बरी आहे. मांडी घालून जमिनीवर जेवायला बसते.

ठरल्यापेक्षा वर्षभर आधीच, या वर्षी मी काम सोडलं. निरोपाला समोसे आणि पेढे होते, मॅडमनी साडी दिली, कमलाबाई रडल्या आणि मग त्यांनी पेढा मागितला. सगळं झाल्यावर इंगोले साहेबांना पलंगावरून खुर्चीत घ्यायची वेळ झाली. कुंदा यंत्र घेऊन आली, तर साहेबांनी चांगला हात वर करून तिला थांबवलं.

"आज हे राहू दे. आज शोभाताईले उचलू दे. आखरी दिवस हाय तिचा."

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेब मला मान देत होते, आणि त्यासाठी खांदा देत होते. कुंदाने यंत्र थोडं मागे घेतलं.

"नाही साहेब," मी म्हटलं. "मशीनच बरं हाय."

"मी म्हणून राहिलो ना."

"तुम्ही म्हणसान. मी नाही उचलत."

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि मग गादीवर ओणवे झाले. कुंदाने पट्टे आवळले. यंत्र हळूहळू वर घेऊ लागलं तसा त्यांचा डावा हात झोळीतून निसटून लोंबू लागला. मी तो दोन्ही हातांनी खालून झेलला आणि खुर्चीत टेकेपर्यंत तसाच धरून त्यांच्या बाजूने चालत गेले. साहेबांचे डोळे उघडे होते.